निर्देशिका सर्व्हरची मंदगती : कॅश आणि स्मृती यांचा हिशेब

कार्यालय उघडून अर्धा तास होत नाही तोच तक्रारी येऊ लागतात. संगणकावर आपले नाव आणि परवलीचा शब्द दिला तरी आत प्रवेश मिळण्यास मिनिट-दीड मिनिट लागते. टपाल उघडत नाही. हजेरीची नोंद होत नाही. वेतन देयकाचे काम अडून राहते. दुपारी बारानंतर सारे आपोआप सुरळीत होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच प्रकार. असे चार दिवस गेले की सर्व्हरची स्मृती अपुरी असून ती दुप्पट करावी, असा प्रस्ताव तयार होतो. तो मंजूर होतो, स्मृती वाढते, आणि पुष्कळदा सकाळची मंदगती जशीच्या तशी राहते.

असे का व्हावे, हे समजून घेण्यासाठी संगणकशास्त्राचे शिक्षण आवश्यक नाही. ज्या अधिकाऱ्याच्या सहीने असा प्रस्ताव पुढे जातो, ज्या मुख्याध्यापकाला वा पंचायत सदस्याला या मंदगतीचा जाच सोसावा लागतो, त्यांनी चार-पाच आकडे कोठे पाहावयाचे आणि त्यांचा अर्थ कसा लावावयाचा एवढे जाणून घेतले तरी पुरे आहे. हे सर्व आकडे सर्व्हर स्वतःच नोंदवून ठेवीत असतो. ते कोणी वाचत नाही, ही खरी अडचण आहे.

निर्देशिका म्हणजे काय

मोठ्या संस्थेत प्रत्येक व्यक्तीचे नाव, पद, शाखा, दूरध्वनी, टपालाचा पत्ता, परवलीचा शब्द आणि ती कोणकोणत्या गटांत मोडते ही माहिती एकाच ठिकाणी ठेवलेली असते. टपाल, हजेरी, लेखा अशा निरनिराळ्या यंत्रणा ती माहिती तेथूनच घेतात. या ठिकाणाला निर्देशिका आणि ती सांभाळणाऱ्या संगणक-कार्यक्रमाला निर्देशिका सर्व्हर म्हणतात. 1988 साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी यासाठी एक्स.500 हे मानक ठरविले. परंतु ते फार अवजड होते. पुढे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात टिम हाऊज आणि त्यांचे सहकारी यांनी त्याची सुटसुटीत आवृत्ती विकसित केली. ती 1993 मध्ये प्रसिद्ध झाली व एलडॅप या नावाने सर्वत्र रूढ झाली. तिची तिसरी आवृत्ती 1997 ची असून आजही तीच वापरात आहे.

या पद्धतीने चालणाऱ्या मुक्त सर्व्हरांपैकी दोन विशेष प्रचलित आहेत. एक ओपनएलडॅप, त्याचा प्रकल्प 1998 मध्ये सुरू झाला. दुसऱ्याचे मूळ नेटस्केप कंपनीच्या सर्व्हरात आहे. तो 2004 च्या अखेरीस रेड हॅट कंपनीने घेतला, 2005 मध्ये मुक्त केला आणि 2009 पासून तो 389 डिरेक्टरी सर्व्हर या नावाने ओळखला जातो. एलडॅपचे संदेश ज्या क्रमांकाच्या दारातून ये-जा करतात तो क्रमांक 389. त्यावरूनच हे नाव पडले. पुढील विवेचन मुख्यतः या दोन सर्व्हरांना धरून आहे.

निर्देशिकेचा स्वभाव एका वाक्यात सांगावयाचा तर, तिच्यात लिहिणे थोडे आणि वाचणे फार. एखाद्या कर्मचाऱ्याची बदली वर्षा-दोन वर्षांतून एकदा होते. पण त्याची नोंद दिवसातून शेकडो वेळा पाहिली जाते. म्हणूनच वारंवार लागणारी नोंद हाताशी ठेवण्याची सोय या सर्व्हरात असते. तिला कॅश म्हणतात. या कॅशचा रोकडीशी काही संबंध नाही. लपवून वा राखून ठेवणे अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून हा शब्द आला आहे.

टेबल, कपाट आणि अभिलेख कक्ष

तहसील कचेरीतील जुना अभिलेख कक्ष ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही व्यवस्था लगेच उमगेल. गावोगावची कागदपत्रे रुमालात बांधून मांडणीवर ठेवलेली असतात. एखादा कागद हवा असल्यास अभिलेखपाल प्रथम सूची पाहतो, मांडणीवरून रुमाल काढतो, गाठ सोडतो, कागद शोधतो. तोच कागद दिवसातून दहा जण मागणार असतील तर शहाणा अभिलेखपाल तो रुमालात परत बांधीत नाही, टेबलावरच ठेवतो. टेबल भरले की ज्याला फार काळ कोणी हात लावलेला नाही असा कागद उचलून परत पाठवितो. संगणकाची कॅश नेमके हेच करते.

टेबल आणि मांडणी यांतील अंतर संगणकात मात्र फार मोठे असते. स्मृतीतील माहिती मिळण्यास सुमारे 100 नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या तबकडीवरील माहिती मिळण्यास सुमारे 10 मिलीसेकंद. म्हणजे एक लाख पटींचा फरक. नव्या प्रकारच्या, न फिरणाऱ्या तबकड्यांनी हे अंतर पुष्कळ कमी केले असले तरी तेही शेकडो पटींचे आहेच.

389 सर्व्हरात अशी टेबले एकाहून अधिक असतात, आणि गोंधळाचे मूळ बहुधा येथेच सापडते. पहिले टेबल नोंदींचे. त्यावर पूर्ण नोंद वाचून, सोडवून, वापरण्यास सिद्ध अशा स्वरूपात ठेवलेली असते. दुसरे नावांचे. प्रत्येक नोंदीला निर्देशिकेच्या वृक्षातील आपल्या स्थानासह एक लांबलचक नाव असते. ती नावे येथे असतात. तिसरे विदासंचाचे, त्यावर सूचींची आणि मूळ नोंदींची पाने जशीच्या तशी ठेवली जातात. आणि या तिहींच्या खाली, सर्व्हरला न विचारता, लिनक्स ही कार्यप्रणाली स्वतःची चौथी कॅश बाळगते. तबकडीवरून वाचलेली प्रत्येक फाइल ती शक्य तितका वेळ मोकळ्या स्मृतीत ठेवते.

याचा अर्थ एकच नोंद एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी असू शकते. पहिल्या टेबलावरची नोंद सर्वांत उपयुक्त, कारण ती सोडविण्याचेही श्रम वाचतात. परंतु तीच सर्वांत अधिक जागा व्यापते. तबकडीवर जी नोंद साधा मजकूर म्हणून थोडक्या जागेत मावते तिला स्मृतीत त्याहून कितीतरी अधिक जागा लागते. तबकडीवरील फाइल 150 मेगाबाइटची आहे, तेव्हा कॅशही 150 मेगाबाइटची ठेवली की पुरे, हा हिशेब म्हणून चुकतो.

स्मृती खरोखरच भरली आहे काय

स्मृती वाढविण्याच्या प्रस्तावासोबत बहुधा एक आकडा जोडलेला असतो : एकूण स्मृती 16 गिगाबाइट, मोकळी अवघी 300 मेगाबाइट. हा आकडा खरा असतो, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा नसतो. लिनक्स मोकळी स्मृती वाया जाऊ देत नाही. वर सांगितल्याप्रमाणे तीत फाइलींच्या प्रती ठेवते आणि कोणा कार्यक्रमाला गरज पडताच त्या टाकून जागा रिकामी करून देते. तेव्हा 'फ्री' या आज्ञेने येणाऱ्या तक्त्यात मोकळ्या स्मृतीचा रकाना न पाहता 'अव्हेलेबल', म्हणजे मागताक्षणी मिळू शकेल अशा स्मृतीचा रकाना पाहावयास हवा. तेथे चार-पाच गिगाबाइट दिसत असतील तर स्मृती अपुरी आहे असे म्हणता येत नाही.

खरे दुखणे ओळखण्याची खूण निराळी आहे. स्मृती अगदीच कमी पडली की कार्यप्रणाली तिच्यातील काही भाग तबकडीवरील राखीव जागेत, म्हणजे स्वॅपमध्ये, हलविते. 'व्हीएमस्टॅट' या आज्ञेच्या तक्त्यात स्वॅपमध्ये जाणाऱ्या व तेथून येणाऱ्या पानांचे दोन रकाने असतात. गर्दीच्या वेळी ते सतत शून्य असतील तर स्मृतीची चिंता नाही. ते सतत हलत असतील तर आहे, आणि गंभीर आहे. स्वॅपमध्ये काही जागा व्यापलेली दिसते, एवढ्यावरून मात्र घाबरून जाऊ नये. कधी काळी हलविलेला आणि पुन्हा कोणी न मागितलेला भाग तेथे महिनोन् महिने निरुपद्रवी पडून राहू शकतो.

फसवी टक्केवारी

दुसरा पाहावयाचा आकडा कॅशच्या यशाचा. 389 सर्व्हराच्या आतच 'मॉनिटर' नावाची एक शाखा असते. तीत प्रत्येक विदासंचापुरते, नोंदींच्या कॅशमध्ये किती वेळा शोध घेतला, किती वेळा नोंद तेथेच सापडली, सध्या किती नोंदी आत आहेत आणि त्यांनी किती जागा व्यापली आहे हे आकडे मिळतात. सापडण्याची टक्केवारीही सर्व्हर आयती काढून देतो. आणि नेमकी हीच टक्केवारी दिशाभूल करते.

कारण असे की, ती सर्व्हर सुरू झाल्यापासूनची एकत्रित टक्केवारी असते. समजा, सकाळी 10 वाजता शोधांची संख्या 40 लाख आणि यशस्वी शोध 38 लाख आहेत, टक्केवारी 95. एका तासाने पाहिले तर शोध 42 लाख, यशस्वी 38 लाख 60 हजार. टक्केवारी जवळजवळ 92. पाहणारा म्हणतो, 95 चे 92 झाले, त्यात काय मोठेसे! परंतु त्या एका तासात शोध झाले 2 लाख आणि यशस्वी झाले केवळ 60 हजार, म्हणजे 30 टक्के. ज्या तासाबद्दल तक्रार होती त्या तासात दर दहांपैकी सात नोंदी टेबलावर नव्हत्या. मागील अनेक दिवसांच्या चांगल्या आकड्यांनी हा वाईट तास झाकून टाकला. म्हणून आकडा एकदा न घेता ठरावीक अंतराने दोनदा घ्यावा आणि त्यांची वजाबाकी करावी. कामकाजाच्या दिवशी दर तासाला एक नोंद, याप्रमाणे आठवडाभर हे केले तरी दुखणे कोणत्या वेळचे आहे ते कागदावर स्पष्ट उमटते.

याच शाखेतील आकड्यांवरून आवश्यक जागेचा अंदाजही बांधता येतो. समजा, एका जिल्ह्यातील शिक्षक आणि कर्मचारी मिळून 60 हजार नोंदी आहेत. कॅशची मर्यादा 200 मेगाबाइट असून ती भरलेली आहे आणि आत 25 हजार नोंदी मावल्या आहेत. म्हणजे एका नोंदीस सुमारे 8 किलोबाइट जागा लागते. त्या हिशेबाने सर्व 60 हजार नोंदी मावण्यास 480 मेगाबाइट पुरतील. थोडी वाढ धरून 600 ठेवावेत. येथे नव्या स्मृतीच्या खरेदीचा प्रश्नच उद्भवत नाही. 16 गिगाबाइटच्या यंत्रात ही जागा पडूनच आहे, फक्त मर्यादेचा आकडा बदलावयाचा आहे. अर्थात सर्वच नोंदी टेबलावर असाव्यात असा आग्रह नको. निवृत्तांच्या व बदलून गेलेल्यांच्या नोंदी क्वचितच लागतात. नित्य वापरातील नोंदी मावल्या की टक्केवारी आपोआप वर जाते.

मर्यादेपर्यंत कॅश भरलेलीच नाही आणि तरीही सापडण्याचे प्रमाण कमी आहे, असे दिसले तर मात्र कारण दुसरीकडे शोधावे. सर्व्हर नुकताच सुरू झाला असेल, किंवा मागितल्या जाणाऱ्या नोंदी दर वेळी नव्या असतील.

एका शोधाने रिकामे झालेले टेबल

वरील उदाहरणातील वाईट तास कशामुळे आला असेल? अनुभव असा की, पुष्कळदा त्यामागे एखादाच शोध असतो. निर्देशिकेत नाव, कर्मचारी क्रमांक, टपालाचा पत्ता अशा गुणांच्या सूची बांधलेल्या असतात. सूची असलेल्या गुणावरून शोध घेतला तर सर्व्हर थेट त्या नोंदीवर जातो. परंतु एखाद्या नव्या यंत्रणेने, उदाहरणार्थ, सेवानिवृत्तीच्या दिनांकावरून शोध घेण्यास सुरुवात केली आणि त्या गुणाची सूची नसली, तर सर्व्हरला पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक नोंद उघडून पाहावी लागते. अभिलेखपालाने एका कागदासाठी सर्व रुमाल सोडून टेबलावर पसरावेत, तसे हे आहे. यात वेळ तर जातोच. शिवाय टेबलावर आधी असलेले, खरोखर लागणारे कागद या पसाऱ्यात मांडणीवर परत जातात. पुढचा तासभर प्रत्येकाला आपली नोंद दुरून आणविण्याची वाट पाहावी लागते. कॅश दुप्पट केली तरी असा शोध तीही व्यापून टाकतो, निदान सर्व नोंदी मावू लागेपर्यंत तरी. आणि त्या मावू लागल्यावरही साठ हजार नोंदी एकेक करून तपासण्याचे श्रम राहतातच.

असा शोध पकडणे कठीण नाही. 389 सर्व्हर आपल्या प्रवेश-नोंदवहीत प्रत्येक शोधास लागलेला वेळ लिहितो आणि ज्या शोधास सूचीचा आधार मिळाला नाही त्यापुढे तशी खूण करतो. ओपनएलडॅपच्या नोंदवहीतही अमुक गुणाची सूची नाही असा स्पष्ट शेरा येतो. नोंदवही उघडून या खुणा मोजल्या की कोणती यंत्रणा, कोणत्या यंत्रावरून, कोणता शोध वारंवार पाठविते ते कळते. मग मार्ग दोनच : त्या गुणाची सूची बांधणे, किंवा त्या यंत्रणेच्या कर्त्यांना शोध बदलावयास सांगणे. सूची बांधताना एक गोष्ट विसरली जाते. केवळ नवी सूची जाहीर करून भागत नाही. आधीपासून असलेल्या नोंदींसाठी ती एकदा मुद्दाम बांधून घ्यावी लागते.

नावातील मधल्या तुकड्यावरून होणारा शोध हा यातीलच एक प्रकार. अशा शोधासाठी तुकड्यांची वेगळी सूची लागते, ती मोठी होते, आणि तुकडा फारच लहान असला तर तिचाही उपयोग होत नाही. कार्यालयीन दूरध्वनी-सूचीच्या पडद्यावर एक अक्षर टंकताच शोध सुरू करण्याची सोय दिसावयास फार सुबक दिसते. निर्देशिका सर्व्हरावर मात्र ती भार टाकते. निदान तीन-चार अक्षरे टंकल्याखेरीज शोध पाठवू नये, असे बंधन घातले तर कोणाचे काही अडत नाही.

सर्वांचा एक गट

आणखी एक कारण सहसा लक्षात येत नाही. परिपत्रके पाठविण्याच्या सोयीसाठी 'सर्व कर्मचारी' असा एकच गट केलेला असतो आणि त्याच्या नोंदीत साठ हजार सभासदांची पूर्ण नावे असतात. ही एकच नोंद कित्येक मेगाबाइटची होते. कोणी तिच्यात एक नाव घातले वा काढले की संपूर्ण नोंद नव्याने लिहिली जाते आणि कॅशमध्येही तिची जागा नवी नोंद घेते. बदल्यांच्या मोसमात असे बदल दिवसभर चालू असतात. कॅशच्या आकड्यांत सरासरी नोंद 8 किलोबाइटची दिसते, पण त्या सरासरीत हे डोंगर लपलेले असतात. असे गट तालुकावार वा शाखावार तोडणे हा उपाय तांत्रिक कमी आणि प्रशासकीय अधिक आहे. म्हणूनच तो केवळ संगणक शाखेवर सोपवून चालत नाही.

अधिक दिल्याने होणारे नुकसान

कॅश वाढविल्याने निदान नुकसान तर होणार नाही, असा एक समज आहे. तो खरा नाही. नोंदींच्या कॅशसाठी ठरविलेली मर्यादा ही संपूर्ण सर्व्हराची मर्यादा नसते. सर्व्हरात प्रत्येक विदासंचाला स्वतःची वेगळी नोंद-कॅश असते. तीन विदासंच असतील आणि प्रत्येकास 2 गिगाबाइट दिले असतील तर 6 गिगाबाइट त्यातच गेले. विदासंचाची पाने, नावांची कॅश, एकाच वेळी जोडलेल्या शेकडो यंत्रांसाठी लागणारी जागा ही निराळी. याशिवाय स्मृतीचे तुकडे पडतात. लहान-मोठ्या नोंदी सतत येत-जात राहिल्या की मधल्यामध्ये कामास न येणाऱ्या फटी राहतात, आणि कॅश आपल्या मर्यादेत असूनही कार्यक्रमाने प्रत्यक्षात व्यापलेली जागा त्याहून बरीच मोठी होते. स्मृतिवाटपाचे काम करणारा निराळा उपकार्यक्रम, उदाहरणार्थ जेइमॅलॉक किंवा टीसीमॅलॉक, जोडल्यास या फटी पुष्कळ कमी होतात.

मर्यादा अशा सढळ हाताने दिल्या आणि एकूण बेरीज यंत्राच्या स्मृतीपलीकडे गेली की कॅशमधीलच पाने स्वॅपमध्ये जाऊ लागतात. अभिलेखपालाने टेबलावरचे कागद जागेअभावी गोदामात नेऊन ठेवावेत आणि तरीही ते टेबलावर आहेत असे समजावे, तशी ही स्थिती. कॅश नसती तर जेवढा वेळ लागला असता त्याहून अधिक वेळ आता लागतो. याच्याही पलीकडे गेले तर लिनक्स सर्वांत अवजड कार्यक्रम निवडून तो सरळ बंद करते, आणि तो अवजड कार्यक्रम बहुधा निर्देशिका सर्व्हरच असतो. सर्व्हर अचानक बंद पडला, त्याच्या स्वतःच्या नोंदवहीत मात्र कारण नाही, असे आढळले तर कार्यप्रणालीच्या नोंदवहीत स्मृती संपल्याचा आणि कार्यक्रम बंद केल्याचा शेरा शोधावा. तो तेथे असतो.

389 च्या नव्या आवृत्त्या सुरू होताना यंत्राची स्मृती मोजून कॅशचे वाटप स्वतःच ठरवितात. ज्या यंत्रावर निर्देशिकेखेरीज दुसरे काही चालत नाही तेथे ही स्वयंचलित सोय चालू ठेवणे बरे. त्याच यंत्रावर टपाल वा लेखा यांचे कामही चालत असेल तर ती बंद करून आकडे हाताने द्यावेत. दोन्ही एकाच वेळी ठेवू नयेत.

ओपनएलडॅपची निराळी रीत

ओपनएलडॅपच्या बाबतीत जुना सल्ला हेच संकटाचे कारण ठरते. त्यातील जुनी साठवण बर्कली डीबी या विदासंचावर आधारलेली होती. तीतही नोंदींची, सूचींची आणि विदासंचाची अशा तीन कॅश असत व त्यांचे आकडे जुळविणे हे एक कसबाचेच काम होते. त्यावरचा उपाय म्हणून हॉवर्ड च्यू यांनी एलएमडीबी हा लहानसा विदासंच तयार केला. तो 2011 मध्ये पुढे आला. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओपनएलडॅपच्या 2.5 या आवृत्तीतून बर्कली डीबीवरील साठवण काढूनच टाकण्यात आली. 389 सर्व्हरही अलीकडच्या आवृत्त्यांत एलएमडीबीकडे वळला आहे.

एलएमडीबीचे वैशिष्ट्य असे की, तो स्वतःचे टेबल ठेवीतच नाही. विदासंचाची फाइल जणू स्मृतीचाच भाग आहे असे समजून तो वाचतो आणि कोणते पान हाताशी ठेवावयाचे हे सर्वस्वी कार्यप्रणालीवर सोपवितो. त्यामुळे ओपनएलडॅपमध्ये कॅशचे आकडे जुळविण्याचे काम फारसे उरलेले नाही. त्याऐवजी एकच आकडा महत्त्वाचा, फाइलीच्या कमाल आकाराचा. तो न दिल्यास अवघा 10 मेगाबाइट धरला जातो. चार-दोनशे नोंदींच्या प्रयोगात हे लक्षात येत नाही. प्रत्यक्ष कामात फाइल तेथवर पोचली की नवे लिहिणे थांबते. वाचणे चालूच राहत असल्याने बिघाड ताबडतोब कळत नाही. परवलीचा शब्द बदलता येत नाही, अशी पहिली तक्रार येते. हा आकडा म्हणजे स्मृतीचा खर्च नव्हे, केवळ कमाल मर्यादा आहे. म्हणून तो गरजेच्या अनेक पट मोठा ठेवण्यास हरकत नाही.

येथेही एक फसवा आकडा आहे. कार्यक्रमाने व्यापलेल्या स्मृतीत वाचलेल्या फाइलीची पानेही मोजली जातात. त्यामुळे तक्त्यात ओपनएलडॅपने 5 गिगाबाइट खाल्ले असे दिसते. प्रत्यक्षात त्यातील बहुतेक पाने फाइलीची असतात व गरज पडताच सोडून देता येतात. फाइल मात्र अकारण फुगत असेल तर एखादा शोध तासन् तास उघडा राहिला आहे काय, ते पाहावे. कोणी जुनी प्रत वाचीत असेपर्यंत एलएमडीबी ती पाने मोकळी करीत नाही आणि प्रत्येक नवा बदल नव्या पानांवर लिहितो.

सकाळच्या मंदगतीचे कारण

आता प्रारंभी सांगितलेल्या तक्रारीकडे वळता येईल. सकाळी मंदगती, दुपारी सुरळीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. स्मृती खरोखर अपुरी असती तर ती दुपारीही अपुरीच राहिली असती. अशा वेळी रात्रीच्या कामांची यादी मागवावी. तीत बहुधा आढळते की, सर्व्हर दररोज मध्यरात्री बंद करून पुन्हा सुरू केला जातो. कोणी तरी, केव्हा तरी, सर्व्हरने व्यापलेली स्मृती दिवसेंदिवस वाढते असे पाहिले आणि हा उपाय योजला. त्यानंतर माणसे बदलली, उपाय तसाच राहिला.

सर्व्हर बंद करून सुरू केला की त्याची टेबले रिकामी होतात. रात्री त्याला कोणी काही विचारीत नाही, म्हणून ती रिकामीच राहतात. सकाळी दहाला सर्वजण एकदम येतात आणि प्रत्येक नोंद तबकडीवरून आणावी लागते. बारा वाजेपर्यंत टेबले भरतात व तक्रारी थांबतात. मूळ उपायानेच रोगाला जन्म दिला, तो असा.

स्मृती वाढते याचीच खात्री करावयाची असेल तर सर्व्हर आठ-दहा दिवस न थांबविता चालू द्यावा आणि त्याने व्यापलेली स्मृती दर तासाला नोंदवून तिचा आलेख काढावा. पहिले काही दिवस रेषा चढते, मग कॅश मर्यादेस पोचली की आडवी होते. ही गळती नव्हे. ठरविल्याप्रमाणे कॅश भरणे आहे. कॅश भरूनही रेषा हळूहळू चढत राहिली, तर वर सांगितलेल्या फटींचा संशय घ्यावा. स्मृतिवाटपाचा उपकार्यक्रम बदलूनही रेषा थांबत नसेल तर मात्र खरी गळती असण्याचा संभव असतो. तेव्हा सर्व्हरची आवृत्ती कोणती आहे आणि पुढील आवृत्तीत ती दुरुस्त झाली आहे काय, हे पाहणे सर्वांत स्वस्त. तोवर सर्व्हर थांबविणे भागच असेल तर आठवड्यातून एकदा, सुटीच्या दिवशी थांबवावा, आणि तो सुरू होताच सर्व नोंदी एकदा वाचून घेणारा एक शोध त्यास द्यावा, म्हणजे सोमवारी सकाळी टेबले भरलेली मिळतील. एरवी जो शोध टाळावयाचा, तोच येथे उपयोगी पडतो.

दूरच्या टेबलावरील जुना कागद

कॅश केवळ सर्व्हरातच असते असे नाही. ज्या लिनक्स यंत्रांवर कर्मचारी प्रवेश करतात त्यांवरही एसएसएसडी नावाचा कार्यक्रम निर्देशिकेतील उत्तरे स्वतःपाशी ठेवून घेतो. सर्व्हरवरील भार त्याने पुष्कळच हलका होतो आणि सर्व्हरशी संपर्क तुटला तरी काम थांबत नाही. परंतु वेगळा आदेश नसल्यास एकदा मिळालेले उत्तर तो 5,400 सेकंद, म्हणजे दीड तास, ताजेच समजतो. लेखा शाखेतून कार्यमुक्त झालेल्या कर्मचाऱ्याचे नाव सकाळी अकराला त्या गटातून काढले, तरी एखाद्या यंत्राच्या लेखी तो साडेबारापर्यंत त्याच गटात असू शकतो. संपर्क नसतानाही प्रवेश मिळावा म्हणून परवलीचे शब्द राखून ठेवण्याची सोय मुद्दाम चालू केलेली असेल आणि तिला मुदत घातलेली नसेल, तर सर्व्हरपासून तुटलेल्या यंत्रावर जुना शब्द अनिश्चित काळ चालतो. ही मुदत किती दिवसांची असावी हे संगणक शाखेने नव्हे, कार्यालय प्रमुखाने ठरवावयाचे आहे. आणि कार्यमुक्तीच्या आदेशाची अंमलबजावणी ताबडतोब व्हावी अशी अपेक्षा असेल, तेथे नाव काढल्यावर संबंधित यंत्रांवर 'एसएसएस कॅश' ही आज्ञा देऊन राखून ठेवलेली उत्तरे त्याच वेळी बाद करून घ्यावी लागतात.